माळ्यावरचा जनरेटर

बार्शी तालुक्यातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचे अब्बा लग्नसराईत रोशनाईचा धंदा करत. अब्बांचा इंतेकाल होऊन चार वर्षं झाली. माळ्यावर त्यांचा लाल रंगाचा छोटा जनरेटर आणि पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारा एक पंप पडून आहे. भाऊ म्हणतो, भंगारात घाला, जागा मोकळी होईल. नववीतला मुलगा म्हणतो, अम्मी, मला उघडून बघू दे. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं आहे, "सर, तुम्हाला असल्या जुन्या मशिनींचा नाद आहे असं ऐकलं. आता तुम्हीच सांगा."

नाद आहे, हे खरं. आमच्या घराच्या जिन्याखाली चार छोटी इंजिनं आहेत. द्राक्षबागेत पाठीवर घेऊन फिरायचा एक फवारणी पंप, स्लॅबच्या दिवशी काँक्रीट बसवायला लागणाऱ्या व्हायब्रेटरचं एक इंजिन, एक जनरेटर, आणि चौथं कशावर बसलेलं होतं ते अजून ठरायचं आहे. घरात यावर काय बोललं जातं ते इथे लिहीत नाही.

आपा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येईल, पण आधी ही वस्तू काय आहे ते बघू.

विहिरीवरच्या मोठ्या डिझेल इंजिनाची आठवण आपल्याकडे सगळेच काढतात. किर्लोस्करचं नाव तर इंजिनाला समानार्थी झालं. पण पेट्रोलवर चालणारी ही हातात उचलता येण्याजोगी इंजिनं कुणाच्या आठवणीत फारशी नसतात, आणि त्यांच्यावर किती घरं चालली याचा हिशोबही कुणी ठेवलेला नाही. वरातीचंच घ्या. पूर्वी डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं दोन्ही बाजूंनी चालायची. मग ढकलगाडीवर जनरेटर आला, त्यातून निघालेल्या वायरी माणसांच्या डोक्यावरच्या ट्यूबांना गेल्या, आणि वरातीच्या मागे फटफटता धूर सोडत एक माणूस चालू लागला. त्याच्या खिशात एक जादा प्लग आणि एक दोरी असायची. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत तर झेरॉक्सच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत दारोदार हे छोटे जनरेटर दिसत. नान्नजकडच्या बागांत, अक्कलकोट रोडच्या नव्या बांधकामांवर, मंडपवाल्यांकडे, सगळीकडे तेच. पुढे इन्व्हर्टर आले, बॅटरीवरचे फवारे आले, आणि ही इंजिनं माळ्यावर गेली.

तुमचा जनरेटर लाल आहे म्हणता, तर बहुधा होंडाचा असावा. या नावामागे एक गोष्ट आहे, ती मुलाला जरूर सांगा. १९४६ साली, युद्धात हरलेल्या जपानमध्ये, सोइचिरो होंडा नावाच्या माणसाला लष्कराच्या वायरलेस यंत्रांना वीज देणाऱ्या जनरेटरची काही छोटी इंजिनं हाती लागली. लष्कराला त्यांचा उपयोग उरला नव्हता, म्हणजे भंगारच. त्याने ती सायकलींना बसवली. १९४८ मध्ये कंपनी उभी राहिली. आपल्याकडे १९८५ मध्ये श्रीराम उद्योगसमूहाबरोबर त्यांची भारतीय कंपनी निघाली आणि छोटे जनरेटर इथेच बनू लागले. म्हणजे भंगारातल्या जनरेटरच्या इंजिनावरून सुरू झालेल्या कंपनीचा जनरेटर आज तुमच्या माळ्यावरून भंगारात निघाला आहे.

पंपावरची पत्र्याची पट्टी पुसून बघा. कदाचित व्हिलियर्स असं नाव निघेल. ही इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन गावची कंपनी. १९५६ पर्यंत त्यांची वीस लाख इंजिनं झाली होती आणि विसाव्या लाखाचं इंजिन त्यांनी लंडनच्या सायन्स म्युझियमला दिलं. आपल्याकडे बुलेटवाल्या मद्रासच्या एनफील्डने त्यांच्या परवान्यावर इंजिनं बनवली. इंग्लंडमध्ये आज हौशी लोक अशी इंजिनं दुरुस्त करून उन्हाळ्यात गावोगावच्या मैदानांवर मांडतात आणि दिवसभर नुसती चालू ठेवून बघत बसतात. आपल्याकडे जुन्या मोटारींच्या आणि स्कूटरींच्या रॅली निघतात, पण पंपाच्या इंजिनाला कोण विचारतो? आपल्याकडे त्याला विचारणारा एकच, तो म्हणजे भंगारवाला.

त्याचं गणित समजून घ्या. तो जनरेटर बघत नाही, त्यातलं तांबं बघतो. वाइंडिंग ओढून काढलं की तांबं एकीकडे, ॲल्युमिनियम दुसरीकडे, बीड तिसरीकडे. त्याचा यात दोष नाही, तो त्याचा रोजगार आहे. पण एकदा वाइंडिंग निघालं की ते यंत्र संपलं. नवं वाइंडिंग भरून मिळतं, पण त्याच्या खर्चात सहसा परवडत नाही. म्हणून भाऊ गाडी घेऊन यायच्या आत तुम्ही फक्त एवढं करा: दोन्ही वस्तू माळ्यावरून खाली उतरवा, नावाच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा, आणि काहीही घासू नका.

आता मुलाकडे वळू. बंद इंजिनाला तीन गोष्टी विचारायच्या असतात. दाब आहे का, ठिणगी आहे का, इंधन पोचतं का. याच क्रमाने. विजापूर वेशीकडचे एक जुने मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. कुणी इंजिन घेऊन आलं आणि कुठे घेतलं, कितीला घेतलं हे सांगू लागलं की चाचा मधेच थांबवतात, "पैले प्लग निकालो, बाद में बात करो."

प्लग काढला की त्या भोकावर अंगठा दाबून दोरी ओढायची. अंगठा बाहेर ढकलला गेला तर दाब आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा अजून काम करतात. दोरी ओढलीच जात नसेल तर पिस्टन चिकटला आहे. इथे बहुतेक जण हातोडा घेतात आणि घात होतो. भोकातून थोडं डिझेल आणि थोडं इंजिन ऑइल सोडायचं आणि विसरून जायचं. दोन दिवस, चार दिवस, कधी पंधरवडा. रोज एकदा चक्र हाताने हलकेच मागेपुढे करून बघायचं. गंज सुटतो. व्हायब्रेटरचं इंजिन सुटायला माझे एकोणीस दिवस गेले.

ठिणगी बघताना प्लग त्याच्या वायरीला लावून त्याची धातूची बाजू इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवायची, प्लगच्या भोकापासून लांब, आणि जवळपास पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री करून दोरी ओढायची. निळसर, टचटच आवाज करणारी ठिणगी असेल तर उत्तम. पिवळी, मरगळलेली असेल किंवा नसेलच, तर चक्राच्या आत जावं लागतं.

आणि चक्राच्या आत जे आहे त्यासाठीच मी या नादात टिकलो. या छोट्या इंजिनांना बॅटरी नसते. फिरणाऱ्या चक्रात लोहचुंबक बसवलेले असतात, ते एका कॉईलसमोरून जातात आणि कॉईलमध्ये वीज तयार होते. नेमक्या क्षणी पाईंट उघडतो, तो प्रवाह एकदम तुटतो आणि शेजारच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्टचा झटका उठतो. तोच प्लगमध्ये ठिणगी होऊन उडतो. पाईंटवर ती ठिणगी वाया जाऊ नये म्हणून एक कंडेन्सर असतो. हे १८३१ साली फॅरेडेने दाखवलं तेच. दहावीच्या मराठी पुस्तकात त्याला विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात, आमच्या उर्दू माध्यमाच्या पुस्तकात बर्क़ी मक़नातीसी इमाला म्हणतात, आणि गॅरेजमध्ये नुसतं 'मॅग्नेट' म्हणतात. पहिली दोन नावं पाठ असलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. तिसरं माहीत असलेला मुलगा वर्गात मागच्या बाकावर असतो.

एकदा हे चक्र मी वर्गात नेलं होतं. पुढच्या बाकांनी व्याख्या घडाघड म्हणून दाखवली. पण पाईंट उघडल्यावरच ठिणगी का येते, मिटल्यावर का नाही, हे विचारल्यावर सगळे गप्प. मग मागून एक जण म्हणाला, "सर, प्रवाह तुटल्याशिवाय झटका कसा बसेल?" त्याचे वडील मोटारसायकली दुरुस्त करतात. तो शाळा सुटल्यावर तिथेच असतो. नखांत काळं राहतं म्हणून तो एरवी वर्गात हात वर करायचा टाळत असे, हे मला त्या दिवशी कळलं. तुमच्या मुलाचे हात काळे झाले तर रागावू नका, धुण्याच्या साबणाने आणि थोड्या साखरेने निघतात.

पाईंटवर गंज किंवा काजळी साचलेली असते. बारीक काचकागदाने हलकेच पुसून, मग कोऱ्या कागदाची पट्टी मधून ओढायची, म्हणजे कण राहत नाहीत. उघडल्यावर त्यांच्यातलं अंतर साधारण ०.४ मिलिमीटर ठेवतात. फीलर गेज मिळतं, महाग नाही. कॉईल आणि चक्र यांच्यातलं अंतर मात्र चाचा आजही जुन्या पोस्टकार्डाच्या तुकड्याने लावतात. तंबाखूच्या डबीत त्यांनी तो तुकडा जपून ठेवला आहे, तेलाने पार पारदर्शक झालेला. आता त्यांचा हात थरथरतो, स्क्रू मी फिरवतो आणि ते कान देऊन ऐकतात. इंजिन चालू असताना 'जेट में कचरा है' की 'सील से हवा ले रहा' हे ते आवाजावरून सांगतात आणि उघडल्यावर तसंच निघतं. त्यांची दोन्ही मुलं पुण्याला नोकरीला आहेत. चांगली नोकरी आहे, चाचांना त्याचं समाधान आहे. पण या आवाजांची यादी कुठल्या पुस्तकात नाही. मी वहीत लिहून घेतो आहे, मराठीत. चाचा सांगतात दखनीत. कुठे कुठे दोन्हींचं मिळून काहीतरी तिसरंच होतं. 'घर्र' आणि 'खर्र' यांत त्यांच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो लिहिता येत नाही.

तिसरा प्रश्न इंधनाचा, आणि आजच्या काळात सगळ्यात जास्त त्रास इथेच आहे. जुनं पेट्रोल वर्षानुवर्षं राहिलं की आटून त्याचा चिकट राप होतो, वार्निशसारखा. कार्बोरेटरमधलं जेट म्हणजे सुईच्या टोकाएवढं भोक, ते लगेच बुजतं. तारेने कोरू नका, भोक मोठं होतं. पातळ द्रावणात बुडवून ठेवा आणि हवेने फुंका, टायर पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतोच. टाकीत गंज असेल तर मूठभर छोटे नट आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल घालून खळखळ हलवायचं. किती नट घातले ते आधी मोजून ठेवायचं आणि बाहेर काढल्यावर पुन्हा मोजायचं. बाहेरच्या सुट्या लोखंडी भागांचा गंज चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवल्यानेही निघतो. तो उपाय माझ्या अम्मीचा, आणि ती त्यासाठी नवी चिंच देत नाही, मागच्या वर्षीची देते.

पण साफ करून भागत नाही. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्यात उसाचे कारखाने किती आहेत ते सांगायला नको, आणि त्यांतल्या कित्येकांच्या डिस्टिलरीत हेच इथेनॉल बनतं. उसाला त्यातून दोन पैसे मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ही इंजिनं बनली तेव्हा असं पेट्रोल नव्हतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. फार पाणी झालं की ते आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात आणि नेमके तेच आधी कार्बोरेटरला जातात. जुन्या रबरी नळ्या फुगतात, पडदे कडक होतात, जस्ताच्या भागांवर पांढरी पूड धरते. उपाय साधा आहे, आळस न करता पाळला पाहिजे: काम झालं की इंधनाचा कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू द्यायचं आणि टाकी रिकामी करून ठेवायची. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबराच्या घालायच्या. नळी जुनीच हवी असा हट्ट धरण्यात काही शहाणपण नाही.

रॉकेलवरच्या तुमच्या पंपाचं दुखणं वेगळं. रॉकेल थंड असताना वाफ होत नाही, म्हणून आधी पेट्रोलवर सुरू करून इंजिन तापलं की रॉकेलचा कॉक उघडायचा, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोरी ओढून ओढून दंड भरून येतात. रेशनवरचं रॉकेल गेलं आणि हे पंप अनाथ झाले. पण या इंजिनांचा दाब मुळातच कमी असतो. ती नुसत्या पेट्रोलवरही चालतात, फक्त शेतीच्या रोजच्या कामाला तो खर्च झेपत नाही. महिन्यातून एकदा हौदातून पाणी उपसून दाखवायला झेपतो.

दोन-स्ट्रोक की चार-स्ट्रोक हे आधी ओळखा. ऑइल तपासायची वेगळी कांडी किंवा खाली ऑइलचं बूच असेल तर चार-स्ट्रोक. नसेल तर दोन-स्ट्रोक, म्हणजे ऑइल पेट्रोलातच मिसळायचं. नावाच्या पट्टीवर प्रमाण लिहिलेलं असतं, तेच पाळा. १:२५ असेल तर लिटरला ४० मिलिलिटर. विसरलात तर पिस्टन काही मिनिटांत अडकतो.

एका बाबतीत मी कडक आहे. जनरेटर घरात, जिन्यात, बंद गॅलरीत चालवायचा नाही. 'दार उघडं आहे ना' म्हणून भागत नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच जातो. घराच्या वायरिंगला प्लगमधून जोडणी द्यायची नाही. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव त्याने जाऊ शकतो. इतकी वर्षं पडून राहिलेल्या वाइंडिंगमध्ये ओल असते, तेव्हा वीज काढण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून मेगरने तपासून घ्या. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत ठेवायचं नाही, कुणीतरी तहानलेलं लहान मूल घरात असतंच. आणि मुलाने एकट्याने इंजिन सुरू करायचं नाही. उघडायला, पुसायला, जोडायला हरकत नाही. दोरी ओढताना मोठं माणूस शेजारी हवं.

रंगाबद्दल या छंदातल्या लोकांत कायम भांडण असतं. काही जण सगळं उघडून, घासून, नवा रंग मारून, नटांना चकाकी आणून ठेवतात. शोकेसमध्ये छान दिसतं. मला ते आवडत नाही. तुमच्या अब्बांच्या जनरेटरच्या हँडलवर एका बाजूचा रंग हाताने उडालेला असेल. टाकीवर कुणीतरी खिळ्याने मंडपवाल्याचं नाव किंवा फोन नंबर कोरलेला असेल. गंज थांबवा, तेल पुसा, पण त्या खुणा राहू द्या. आत मात्र रिंगा, सील, पॅकिंग जे लागेल ते नवं घाला, त्यात कंजूषी नको. पिस्टन घासला असेल तर लेथवाला बोअर वाढवून देतो, आणि जुन्या इंजिनाला मापाचा पिस्टन मिळालाच नाही तर एखादा खटपट्या मिस्त्री दुसऱ्याच गाडीचा बसवतो. अहमदनगरच्या कारखान्यातून निघालेल्या लुनाच्या सुट्या भागांवर अशी किती इंजिनं जगली असतील!

भावाचं म्हणणंही अगदी चुकीचं नाही. सगळंच ठेवायचं म्हटलं तर घराचं गोदाम होतं, आणि घर आधी, छंद नंतर. वाइंडिंग जळालेलं असेल, क्रँककेसला तडा गेला असेल, तर भावाला घेऊन जाऊ द्या. त्यातलं कार्बोरेटर, चक्र आणि नावाची पट्टी तेवढी काढून ठेवा. दोन्हींपैकी एकच ठेवायचं झालं तर मी जनरेटर ठेवेन. पंप शेताशिवाय मुका असतो, जनरेटरवर एक बल्ब लावला की घरातल्या सगळ्यांना कळतं तो काय करत होता.

आणि अब्बांबरोबर वरातीत गाडी ढकलणारं कुणी बार्शीत अजून असेल. त्यांना एकदा चहाला बोलवा. या जनरेटरला सकाळी थंडीत कसं मनवायचं, चोक किती ओढायचा, कुठे एक थाप मारायची, हे त्यांनाच माहीत असणार. मुलाला वही घेऊन बसवा. तोवर टाकीचं बूच उघडून, उजेडात, चुलीपासून दूर, वास घ्या. पेट्रोलचा आला तर बरं. वार्निशचा आला तर कार्बोरेटर सोडवायला लागेल, तसं कळवा. पुढच्या अंकात तेवढंच घेऊ.